पावाच्या साच्यातली माणसं

कोणतीही वस्तू हातात आली की चाचा आधी ती उलटी करायचे आणि बोटाच्या पेरानं तिच्या बुडावर दोनदा ठोकायचे. कलिंगड ठोकून घेणारे पुष्कळ असतात. चाचा नवी चप्पल ठोकायचे, गॅसचं सिलिंडर ठोकायचे, किराणा दुकानाच्या मुनिमानं आणून दिलेलं कॅलेंडरसुद्धा ठोकायचे. सोलापुरात बदली होऊन आल्यावर मी त्यांच्या वरच्या दोन खोल्या बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, माणसं किती तेही विचारलं नाही. माझ्या हातातला शाळेच्या वह्यांचा गठ्ठा घेतला, उलटा केला, ठोकला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "टीचर हाय म्हणता, ते बराबर हाय. या राहायला."

त्याचा उलगडा पुढं झाला. खाली त्यांची बेकरी होती, म्हणजे पूर्वी होती. भट्टीतून पाव काढला की तो उलटा करून बुडावर ठोकायचा. आवाज पोकळ आला तर पाव आतपर्यंत भाजला, भद्द आला तर कच्चा. चाळीस वर्षं हे केल्यावर भट्टी बंद पडली, पण बोट काही बंद पडेना.

भट्टी थंड असली तरी बेकरी रिकामी नव्हती. भिंतीला तीन लांब फळ्या होत्या आणि त्यांवर ब्रेडचे पत्र्याचे साचे ओळीनं मांडलेले. प्रत्येक साच्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली: गाव, आडनाव, बस. मला आधी वाटलं, म्हातारा कुणाकुणाची ऑर्डर अजून पोचवायची आहे असं समजून बसलाय. आत डोकावले तर पाव नव्हता. कागद होते, जुने फोटो होते, एका साच्यात पितळेचं एक बटण होतं. चाचांनी शांतपणे सांगितलं, "ही समदी फौजेच्या बेकरीतली न् रसदीतली माणसं हायेत. आपल्या जिल्ह्यातली."

दोन्ही महायुद्धांत या भागातून माणसं गेली. बंदूकवाल्यांची नावं कुठं ना कुठं दगडावर कोरलेली सापडतात. पण त्यांना जेवू घालणारे, म्हणजे पाव भाजणारे, पिठाची पोती उचलणारे, खेचरं हाकणारे, जिवंत मेंढरं छावणीपर्यंत चालवत नेणारे, यांची आठवण ठेवायचं काम जणू कुणाचंच नव्हतं. चाचांनी ते आपणहून अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकीही दिली नव्हती. त्यांची दिवंगत बायको म्हणे त्यांना म्हणायची, "घर के जिंदा लोगां का नाम याद नै रैता, मुर्दों का कायकू?" हे ते स्वतःच हसत हसत सांगायचे.

त्यांच्या फळ्यांचा एक कायदा होता. खालची फळी कच्च्याची: म्हणजे घरातली ऐकीव गोष्ट, 'आमचे पणजोबा लढाईत होते म्हणे' इतपत. मधली फुगलेल्याची: गोष्टीत जागा आली, काम आलं, सोबतचं माणूस आलं. वरची भाजलेल्याची. तिथं पोचायला दोन तोंडं लागायची. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन तोंडांनी एकच गोष्ट सांगितली, तरच ती भाजली. वरच्या फळीवर नऊ-दहाच साचे होते. चाचांचे स्वतःचे आजोबा पहिल्या जंगेत बसऱ्याच्या फौजी बेकरीत होते, हे चाचा शपथेवर सांगायचे. पण त्यांचा साचा मधल्या फळीवरच होता. मी म्हटलं, "अहो, घरचंच माणूस, ठेवा की वर." ते दुखावल्यासारखे म्हणाले, "एकच तोंड हाय, टीचर. ते बी माझंच."

हा दोन तोंडांचा कायदा त्यांनी एका फजितीनंतर केला होता, आणि ती फजिती ते कुणीही न विचारता सांगायचे. 'कागद हरवतो, हात हरवत नाही' हे त्यांचं आवडतं वाक्य. माणूस फौजेतून हाताला एखादी सवय घेऊन येतो, ती मुलांना लागते, नातवंडांना लागते, आणि कुठून आली हे सगळे विसरतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा बाजारात कडक भाकऱ्या विकणारी एक बाई त्यांना दिसली. बाई प्रत्येक भाकरी उलटी करायची, पाठीवर दोनदा टकटक करायची आणि मग चळतीवर ठेवायची. चाचांच्या अंगावर काटा आला. आपला हात! हिचा आजा-पणजा नक्की फौजेच्या बेकरीत! त्यांनी दोन महिने त्या बाईच्या खानदानाचा शोध घेतला, साचा लावला, तो फुगवला आणि शेवटी तिला सांगायला गेले. बाई म्हणाली, "चाचा, भाकरी कडक झाली का वातड ऱ्हायली ते बघाय वाजवाय लागतीच की. सोलापुरात कुटल्याबी बाईला इचारा." सगळं सोलापूर हा खडखडाट रोज ऐकतं. ऐकलं नव्हतं ते एका बेकरीवाल्यानं, कारण त्याला सगळीकडं पावच दिसत होता. तो साचा चाचांनी रिकामा केला, पण टाकला नाही. फळीवर उलटा घालून ठेवला होता, नजरेसमोर राहावा म्हणून.

लोक त्यांच्याकडं मोठ्या आशेनं यायचे आणि पुष्कळदा तणतणत जायचे. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातला सुपरवायझर आला होता. त्याच्या घरात पणजोबांचा तलवार घेतलेला फोटो होता, आणि पणजोबा सुभेदार होते असा बोलबाला होता. चाचांनी चार महिन्यांनी निकाल दिला: पणजोबा रसदीत पीठ मोजायचे, तलवार फोटोवाल्याची. सुपरवायझरचा चेहरा पडला. चाचा त्याच्यावर खेकसले, "उद्या कारखान्याचं कँटीन बंद करून बघ. परवा तुझा सुभेदार बी तितंच रांगेत दिसतो का न्हाय?" तो बिचारा पुढच्या महिन्यात पेढे घेऊन आला. चाचांनी पेढ्यांचा बॉक्स उलटा करून ठोकला आणि मग उघडला. अर्धे पेढे झाकणाला चिकटले होते.

अशा माणसाच्या डोक्यावर मी राहत होते, आणि तिसऱ्या वर्षी माझी आई माझ्याकडं राहायला आली.

आई माळशिरस तालुक्यातली, नातेपुत्याकडची, धनगराच्या घरातली. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिचे वडील दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या रसदीत मेंढरं सांभाळायला गेले, तेव्हा ती सहा महिन्यांची होती. ते परत आले नाहीत. आलं ते फक्त एक बोलणं. पलीकडच्या गावचा एक शिपाई लढाई संपल्यावर घरी आला आणि त्यानं पारावर सांगितलं की, मी त्याला इराणच्या बाजूला एका बाजारात बघितला. अंगावर वर्दी नव्हती, पायात बूट नव्हते. धोतर, पागोटं आणि पुढं मेंढरांचा कळप. झालं! गावात सगळे मेंढरं राखणारे. धनगर आपल्या कपड्यात मेंढरं घेऊन चालला म्हणजे तो आपल्या घरी चालला, असाच अर्थ त्यांनी आयुष्यभर लावलेला. त्यांनी तोच लावला. फौज सोडून पळाला, तिकडंच बिऱ्हाड केलं, कळप जमवला.

आजी मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. आईला 'पळपुट्याची पोर' हे नाव मिळालं आणि तिच्या लग्नाच्या बोलण्यांत दोनदा ते आडवं आलं. मी नोकरीला लागल्यावर सरकारी पत्रव्यवहार केला होता. 'नोंद आढळून येत नाही' असं उत्तर आलं. त्यापुढं मी गेले नव्हते. खरं सांगायचं तर मलाही ती जुनी गोष्ट वाटत होती. आईला ती कधीच जुनी झाली नव्हती.

खाली काय उद्योग चालतो हे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात ती माझ्या आधारानं जिना उतरून चाचांसमोर उभी राहिली. चाचांना ती 'मालक' म्हणायची.

"मालक, माझा बा मेला असंल तर मला रडायचं हाय. पळाला असंल तर शिव्या घालायच्या हायेत. ऐंशी वर्सं झाली, ना रडता आलं ना शिव्या देता आल्या. दोन्हीतलं एक काय ते सांगा की."

चाचांनी तिला खुर्ची दिली, नाव-गाव विचारलं, पारावरचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं. आणि मग, "अक्का, बघू या," एवढंच म्हणाले. साचा लावतो म्हणाले नाहीत. मला ते जरा लागलं.

त्यानंतर त्यांनी नवाच प्रकार सुरू केला. रोज चार वाजता कागदात दोन टोस्ट घेऊन वर यायचे आणि आईशी मेंढरांवर गप्पा मारत बसायचे. लोकर कधी कातरायची, कुत्रं कसलं पाळायचं, पाऊस येणार हे मेंढराला कसं कळतं. बापाचा विषय चुकूनही नाही. आई खुलायची, तासतास बोलायची. चाचा मान डोलवायचे, पाच वाजता उठायचे आणि जिना उतरताना पुटपुटायचे, "आज बी न्हाय." हे एक-दोन नव्हे, सात-आठ महिने चाललं. आई मला म्हणाली, "मालकाला म्हातारपणी मेंढरं घ्यायचीत वाटतं. बेकरी बुडाली, आता ही बुडवंल."

एका दुपारी मी पाण्याच्या मोटारीचं बटण चालू करायला खाली गेले. चाचा नमाजाला गेले होते. सहज फळ्यांकडं नजर गेली, तर मधल्या फळीच्या टोकाला, उलट्या साच्याच्या मागं, एक साचा आत सरकवून ठेवलेला. चिठ्ठीवर आमच्या आजोळच्या गावाचं नाव आणि पुढं प्रश्नचिन्ह. मी तो काढला. आत एकच कागद होता: 'मैंदर्गी. फौजी बेकरीवाल्याचा मुलगा सांगतो. बेकरीच्या शेजारी मेंढरांचा वाडा. माळशिरसकडचा एक धनगर, नाव माहीत नाही, सगळे धनगरमामा म्हणत. बायको आणि तान्ही मुलगी घरी. थंडीत छातीत कफ होऊन गेला. भट्टीच्या मागं. पळाला नाही.' कागदाचा खालचा भाग कात्रीनं कापून घेतलेला होता. वरची तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

मी आयुष्यात कुणाशी इतकी भांडले नसेन. चाचा दारात चपला काढत होते तेवढ्यात मी सुरू झाले. "आठ महिने तुम्हाला माहीत होतं? ती रोज तुमच्यासमोर बसते! तिचं वय काय? उद्या काही झालं तर?"

चाचांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "जा. आत्ता वर जाऊन सांगा अक्काला. मी अडवणार नै. पण टीचर, माळशिरस तालुक्यातून धनगर एकच गेला होता काय? ह्यो दुसऱ्या कुणाचा बाप निघाला तर? अक्का रडून मोकळ्या होतील न् मंग मी सांगायचं, माफ करा, तो तुमचा नव्हता?"

मी तो कागद पुन्हा वाचला. "कच्चा पाव पोटात गेला की दुखतंय," ते म्हणाले, "त्यापेक्षा उपाशी बरं."

"मग तुम्ही कशाची वाट बघताय? आणि हा कागद कापला कशाला?"

"ते तुमाला बी सांगणार नै. तुमी लेक हाय त्यांची. तुमाला कळलं तर तुमच्या तोंडावर दिसंल. अक्कांच्या तोंडून ते आपणहून आलं पायजे. मी पाण्याचा थेंब घालणार नै."

मी तरातरा वर गेले आणि आईला काहीच सांगितलं नाही. सांगायची हिंमत झाली नाही हे खरं. त्या रात्रीपासून आईच्या प्रत्येक खोकल्याला मी दचकत होते आणि मनातल्या मनात चाचांना नावं ठेवत होते.

बकरी ईद जवळ आली. चाचांचा वाटा दरवर्षी पुतण्याकडं असायचा. घरी जनावर आणायची दगदग त्यांनी बायको गेल्यापासून सोडली होती. त्या वर्षी मात्र एका सकाळी टेम्पो दारात थांबला आणि त्यातून मेंढे उतरले. एक नाही, सहा. नातेवाइकांचे सगळ्यांचे मिळून आणले म्हणे. ते बेकरीत बांधले. बांधले असं चाचा म्हणत होते.

दुपारी चारच्या सुमारास खाली एकदम धडाड आवाज झाला. मी गॅलरीत आले तर सहाही मेंढे गल्लीत. एक समोरच्या शिंप्याच्या दुकानात शिरला होता, एक रिक्षाखाली, दोन एकमेकांना ढुशा देत नाल्याच्या दिशेनं. पुतण्या धावतोय, रिक्षावाला ओरडतोय, शेजारची पोरं आनंदानं किंचाळतायत. जितके लोक धावत होते तितके मेंढे जास्त बिथरत होते. आणि चाचा बेकरीच्या पायरीवर हात पाठीमागं बांधून उभे. खाली मेंढ्यांकडं नाही, वर आमच्या गॅलरीकडं बघत.

आई माझ्यामागून काठी टेकत आली. खालचा गोंधळ बघून ती चिडलीच. "आरं, पळताय कशाला येड्यावानी? थांबा की!" असं माणसांना म्हणाली आणि मग मेंढ्यांकडं वळली.

असला आवाज मी तिच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकला नव्हता. आधी एक लांब 'हुर्रर्र', मग टाळ्याला जीभ लावून तीन टक-टक-टक, आणि शेवटी एक शिट्टी. पण शिट्टी बाहेर फुंकलेली नव्हती, श्वास आत ओढून काढलेली होती. तिनं ती हाक दोनदा दिली.

त्या मेंढ्यांना तिचा आवाज ओळखीचा असायचं काहीच कारण नव्हतं. पण कुणीतरी जाणतं माणूस बोलतंय एवढं त्यांना कळलं असावं. शिंप्याच्या दुकानातून पहिला मेंढा मान वर करत बाहेर आला. मग बाकीचे हळूहळू थबकले. पुतण्यानं त्यांच्या गळ्यात दोर घातले.

चाचा पायरीवर मटकन खाली बसले. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. मी धावत खाली गेले. त्यांनी मला हातानं थांबवलं आणि वर बघून आईला विचारलं. आवाज अगदी साधा ठेवायचा प्रयत्न करत होते.

"अक्का, ही उलटी शिट्टी कायकू वो? बाकीचे धनगर तर सीधी मारतेत."

"बाची हाय ती," आई वरून म्हणाली. "ढुशी लागून म्होरला दात पडला हुता त्याचा. भायेर फुकली की नुसती हवा. म्हून आत वढायचा. तो लढाईला गेला न् मेंढरं माझ्या आईच्या मागं येईनात. हाकच वळखीची न्हवती त्यास्नी. मग तिनं त्याची हाक शिकली, आत वढायच्या शिट्टीसकट. तिच्याकडनं मला आली. आता हितं शिमिटात कुणाला हाक मारू?"

चाचा आत गेले. मधल्या फळीवरचा आमचा साचा काढला, उलटा केला आणि बुडावर दोनदा ठोकला. रिकाम्या पत्र्याचा पोकळ आवाज सगळ्या बेकरीत घुमला. "भाजला," ते म्हणाले आणि डोळे पुसायला लागले.

मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि त्यात आठ महिने जपलेला कागदाचा कापलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. त्यावर दोन ओळी होत्या: 'समोरचा दात नाही. हाक: हुर्रर्र, तीन टक, शिट्टी आत ओढून.'

"मेंढे सुटले कसे हो चाचा?" मी विचारलं.

"पानी नै डाल्या मैं," ते म्हणाले. "सिर्फ आंच दिया."

संध्याकाळी ते टोस्ट न घेता वर आले आणि आईसमोर बसून सगळं सांगितलं. मैंदर्गीला ज्यानं हे सांगितलं, त्याचा बाप इराणच्या बाजूला फौजेच्या बेकरीत होता. लिंगायत घरातला, मटणाला न शिवणारा. त्याची भट्टी आणि मेंढरांचा वाडा शेजारी-शेजारी. धनगरमामा डोंगरापलीकडच्या बाजारातून मेंढरं घेऊन यायचा, आणि निघताना वर्दी-बूट काढून ठेवायचा, कारण बुटांच्या आवाजाला मेंढरं बुजतात. साहेबानंच तशी परवानगी दिली होती. त्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ भरला. बेकरीवाल्यांनी त्याला उचलून भट्टीच्या मागं ऊब असते तिथं निजवलं, चहात पाव बुडवून भरवला. पण वाड्यातली मेंढरं पाण्यावर जाईनात. मामा पडल्या पडल्या हाक द्यायचा, तेव्हा कुठं हलायची. मग त्याचा आवाज बसत चालला. तेव्हा त्यानं त्या बेकरीवाल्याला ती हाक शिकवली. आठ दिवस लागले. नवव्या दिवशी मामा गेला, आणि मटणाला न शिवणाऱ्या माणसानं नवा धनगर येईपर्यंत मेंढरं पाण्यावर नेली.

मला वाटलं, आई आता रडेल. रडली नाही. शिव्याही दिल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ती हाक अजून कोन देतंय का तितं?"

चाचांच्या मोबाइलवर ती होती, बेकरीवाल्याच्या मुलाच्या आवाजात भरून घेतलेली. मघाशी मला त्यांनी खाली ऐकवलीही होती, शेवटच्या आत ओढलेल्या शिट्टीसकट. मी म्हटलं, लावा ना. चाचांनी मोबाइल खिशात घातला. "बाप की आवाज मोबाइल पे सुनाऊं? उद्या गाडी करू, अक्का. मैंदर्गीला जाऊ."

दुसऱ्या दिवशी ईद होती म्हणून तिसऱ्या दिवशी गेलो. अक्कलकोट मागं पडल्यावर पाट्यांवर कानडी दिसायला लागली. आई पुढच्या सीटवर ताठ बसली होती, नवं लुगडं नेसून. चाचा मागं, मांडीवर आमचा साचा. तो कशाला आणलाय असं मी विचारलं नाही.

बेकरीवाल्याचा मुलगा आता स्वतः पंचाहत्तरीचा. कपाळाला विभूती, बोलणं निम्मं कानडी. त्यानं आईला बाजेवर बसवलं आणि पुन्हा सगळी गोष्ट सांगितली. तीच, तशीच. शेवटी म्हणाला, "आमच्या अप्पांनी फौजेतनं ही हाक एकच आणली बघा. घरातली पोरं समजत होती, जेवणाची फौजी हाक आसंल. मेंढराची हाय हे ह्ये चाचा आल्यावर मी सांगितलं, तवा कळलं की त्यास्नी. आमच्या घरात कधी मेंढरू न्हाय, काय न्हाय."

आई त्याच्या तोंडाकडं बघत होती. "एकदा द्या की," असं म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती, हे मला दिसत होतं. चाचांनाही दिसत होतं. पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. तिथंसुद्धा हा माणूस पाणी घालायला तयार नव्हता.

आत ताटं मांडल्याचा आवाज आला. त्या घरची सून हात पुसत बाहेर ओट्यावर आली. नातवंडं पलीकडच्या मोकळ्या जागेत खेळत होती. आमच्याकडं तिचं लक्षही नव्हतं. तिनं तोंडाशी हात नेला आणि रोजच्या सवयीनं हाक दिली. लांब 'हुर्रर्र', तीन टक-टक-टक, आणि श्वास आत ओढून शिट्टी. त्या बाईचे पुढचे सगळे दात जागच्या जागी होते.

पोरं धावत आली. आणि माझी आई बाजेवरून उठली. काठी तिथंच राहिली. ज्या बाईला उठायला रोज काठी नाहीतर माझा हात लागायचा, ती एकटी चालत ओट्यापर्यंत गेली आणि त्या पोरांच्या मागं उभी राहिली.

"बा जेवाय बोलावतोय," ती मला म्हणाली. "चल."

आम्ही पंक्तीला बसलो. चाचांनी टोपलीतली एक कडक भाकरी उचलली, उलटी केली, दोनदा ठोकली आणि आईच्या ताटात ठेवली. आईनं ती मोडली. पहिला घास तोंडाशी नेला आणि तिला रडू फुटलं. सगळं घर घाबरलं, सून पाणी घेऊन धावली. चाचांनी हातानंच सगळ्यांना थांबवलं. आई मोठ्यानं, लहान मुलीसारखी रडत होती, आणि रडता रडता जेवत होती.